जर्मनांचा ‘आम्ही’, बाबांचा ‘आपण’

सौंसरात त्या काळी मला ठाऊक असलेला एकच फुटबॉल होता, तोही शाळेच्या कपाटात, हवा गेलेला. अशा गावात बसून मी पश्चिम जर्मनीच्या फुटबॉलवर संशोधन करायला निघालो. पीएच.डी.ला नाव नोंदलं गेलं तरच कॉलेजातली माझी तात्पुरती नोकरी टिकणार होती, आणि नागपूरच्या मार्गदर्शकांना कशात तरी कम्प्यूटर हवाच होता.

माझा तर्क सोपा होता. देशाचा संघ जिंकला की लोक ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात, हरला की ‘ते हरले’. जर्मनीतला मामेभाऊ तिथली वर्तमानपत्रं पोस्टानं पाठवी. जर्मनही मी पोस्टानंच शिकलो होतो. सामन्यांच्या बातम्या मी मराठीत तोंडी सांगायचो आणि बाबा लिहून घ्यायचे, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि बाबा मराठीचे निवृत्त मास्तर. गठ्ठा घेऊन मी नागपूरची बस धरली. तिथल्या कम्प्यूटरच्या ऑपरेटरबाईंना सांगितलं, ‘आम्ही’ दिसेल तिथं एक, नाही तिथं शून्य.

आठवड्यानं निकाल आला. जर्मन माणूस फक्त हरल्यावरच ‘आम्ही’ म्हणतो! मार्गदर्शक खूश. “इतका नम्र देश! आणि हे साक्षात यंत्र सांगतंय.”

मला काही पटेना. घरी येऊन कागद तपासले. जिंकल्याच्या प्रत्येक बातमीत बाबांनी माझ्या ‘आम्ही’चा ‘आपण’ केला होता. माझं डोकंच फिरलं.

“बाबा, हे काय करून ठेवलं तुम्ही?”

“शुद्ध केलं. जिंकलं त ‘आपण’ लागते, आयकणाऱ्यालेबी वाटा भेटते. हरलं त त्याइचं त्याइच्यापाशी. तिथं ‘आम्ही’च राहू देलं.”

जर्मन भाषेत दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. यंत्र जर्मनांना नाही, आमच्या बाबांना मोजून बसलं होतं.

मार्गदर्शक म्हणाले, “आता कशाला बोलता? निष्कर्ष छान आहे.” पण मला राहवलं नाही. पीएच.डी.च्या नोंदणी समितीसमोर मी चूक सांगून टाकली. समितीनं माझा अर्ज अगदी नम्रपणे फेटाळला, जर्मनांपेक्षाही नम्रपणे.

संध्याकाळच्या बसनं परतलो. बाबा दारातच होते.

“काय झालं?”

“नापास झालो. नोकरीबी गेली समजा.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. चूक कोणाची, हे दोघांनाही माहीत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

“हातपाय धुऊन घे,” ते म्हणाले. “आपण नापास झालो त झालो.”