ब्रेकमामा आणि किमान रक्कम

शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांना गाडी शिकवलेल्या त्या माणसाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. सगळे त्याला ब्रेकमामा म्हणत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, आणि मामाचं अर्धं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं होतं. घरी टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग चालला असला, तरी सोफ्यावर बसल्याबसल्या त्याचा पाय जमिनीत रुतायचा. बायको म्हणायची, "अहो, वळली ती गाडी. सोडा आता."

शिकवण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिकाऊ माणसानं क्लच झटक्यात सोडून गाडी बेडकासारखी उडवली, तरी हा खिडकीबाहेर बघत म्हणणार, "छान. आता हेच जरा सावकाश करू." आवाज चढवणं त्याला माहीतच नव्हतं. त्याची परीक्षा घ्यायची तऱ्हाही न्यारी होती. शिकणाऱ्याचा हात बसला असं वाटलं, की मामा चपला काढायचा, दोन्ही पाय वर घ्यायचा आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचा. ज्याच्या गाडीत अख्खी फेरी मांडी मोडावी लागली नाही, तो सरकारी परीक्षेला तयार. मग त्याला दहा फेऱ्या लागोत नाहीतर पन्नास. लोक घरी जाऊन आनंदानं सांगत, "आज मामांनी मांडी घातली!"

गाडी त्याची स्वतःची होती. टपावर त्याच्याच शाळेची पाटी होती, आणि ती पाटी तो रोज सकाळी स्वतः पुसायचा. कुणाच्या हाताखाली नाही, कुणाची बोलणी नाहीत, याचा त्याला भारी अभिमान होता.

क्रेडिट कार्ड आलं ते पाहुण्यासारखं. एका मोठ्या दुकानाच्या दारात टेबल मांडून बसलेल्या हसतमुख पोरानं ते त्याच्या गळ्यात मारलं. आधी त्यावर फ्रिज आला, मग गाडीचा गिअरबॉक्स, मग पुतणीच्या कॉलेजची फी, आणि एकदा समुद्रकाठी चार दिवस. यात उधळपट्टी म्हणावी असं काही नव्हतं. दर महिन्याला बिल यायचं. त्यात वर एक भलामोठा आकडा असायचा आणि खाली एक छोटा आकडा, 'किमान रक्कम'. मामानं आयुष्यभर हप्ते भरलेले. हप्ता म्हणजे भरत राहायचं, एक दिवस तो संपतो, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. तो छोटा आकडा म्हणजे हप्ताच, असं धरून तो एकही तारीख न चुकवता भरत राहिला आणि आपल्या वक्तशीरपणावर खूश होता.

वरचा आकडा मात्र हलायला तयार नव्हता. भरलेलं जवळजवळ सगळं व्याजातच जिरत होतं. हे मामाच्या ध्यानात आलं तोवर बरीच वर्षं उलटली होती. मग त्यानं दुसरं कार्ड घेतलं आणि त्यातून पहिल्याचं भागवायला लागला. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर! दोन टोप्या झाल्या आणि डोकं एकच. एक तारीख चुकली, दंड लागला. दंडामुळे पुढची चुकली. बायकोला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला त्याच्या गाडीचं वय झालं. शिकवायची गाडी ठरावीक वर्षांनी बदलावीच लागते, नाहीतर परवाना जातो. मामा कर्ज मागायला बँकेत गेला. तिथल्या माणसानं संगणकात डोकावून पाहिलं आणि मान हलवली. कार्डांची थकबाकी असेपर्यंत नव्या कर्जाचं नावही काढू नका, म्हणाला. हातात तीन महिने होते. तेवढ्यात देणं फिटलं नाही, तर गाडीही जाणार होती आणि टपावरची पाटीही.

मग मामानं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. जास्त पैसे मिळावेत म्हणून भराभर माणसं घेऊ लागला, फेऱ्या आखूड करू लागला, आणि "तुमचं झालं बरं का, बसा परीक्षेला" असं मांडी न घालताच सांगू लागला. माणसं नापास होऊन परत येऊ लागली. मामा त्यांच्या नजरेला नजर देत नसे.

अशातच त्याची मेहुणी शिकायला आली. नवरा गेल्यावर ती कुरिअरच्या कंपनीत लागली होती, आणि गाडी चालवता आली तर तिचा पगार वाढणार होता. स्वभावानं धीट, पण गाडी मागं घ्यायची म्हटलं की तिला घाम फुटायचा. तरी मामानं तिलाही पुढच्या आठवड्यातली तारीख घेऊन दिली होती.

त्या दिवशी ती दोन खांबांच्या मधून गाडी मागं घेत होती. मामाचा नियम होता, गाडीत फोन कधीच हातात धरायचा नाही. म्हणून त्याचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असायचा. तो वाजला आणि सवयीनं त्यानं बटण दाबलं.

"नमस्कार सर, खातेदार स्वतःच बोलताय ना?" एका मुलीचा गोड आवाज गाडीभर घुमला.

"हो," मामा म्हणाला. खोटं बोलायची सवय नसली, की असं नडतं.

"सर, तुमच्या दोन्ही कार्डांची थकबाकी..." आणि तिनं आकडा सांगितला. दंडासकट आणि व्याजासकट सांगितला. या आठवड्यात पैसे आले नाहीत तर घरी माणूस येईल, हेही तितक्याच गोडीनं सांगितलं.

धाडकन आवाज झाला. मागचा खांब गाडीला लागला होता. मामाचा पाय ब्रेकवर होता, पण दाबायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मेहुणीनं शांतपणे इंजिन बंद केलं. "भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही मांडी न घालताच मला परीक्षेला बसवताय, ते याच्यापायी होय?"

मामाचा चेहरा पडला. कर्जाची लाज तो इतके दिवस गिळत आला होता, पण ही लाज गिळता येईना. "हो गं," तो म्हणाला. "तू तयार नाहीस. तुला अजून महिना तरी लागेल."

"मग तसं सांगायचं ना! मी काय पळून जात होते? आणि ताईला मीच सांगणार आहे, तुमच्यानं व्हायचं नाही."

मामा घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. दिवसभर माणसांकडून बारीक अक्षरं वाचून घेणं हेच तिचं काम. तिनं सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि त्यांची मागची बाजू वाचत होती.

"हे तुम्ही कधी वाचलंत?"

"इतकं बारीक कोण वाचतं?"

"मला विचारायचंत! मी काय तिथं माशा मारते?" तिचा आवाज चिरकला. "पैशांचं जाऊ दे हो. इतकी वर्षं शेजारी बसून जेवत होतात, आणि तोंडाला कुलूप!"

मामाला रडू आलं. मग तिलाही आलं. मग तिनं डोळे पुसले, चहा टाकला आणि म्हणाली, "उद्या मी रजा घेते. आपण दोघं जाऊ."

बँकेतल्या माणसानं दोन वाटा दाखवल्या. थोडी रक्कम देऊन बाकीची बँकेनं सोडून द्यावी, अशी तडजोड करायची. पण मग देणं बुडवल्याचा डाग नावावर बरीच वर्षं राहणार. नाहीतर दोन्ही कार्डं बंद करून, व्याज कमी करून घेऊन, सगळं देणं ठरलेल्या हप्त्यांत फेडायचं.

"सगळं फेडू," बायको म्हणाली, "आणि ते कधी संपणार ती तारीख कागदावर लिहून द्या."

पहिली मोठी रक्कम भरायला गाडी विकावी लागली. पाटी उतरवल्यावर मामानं ती शेवटची एकदा पुसली. आता कुणाच्या तरी हाताखाली राबायचं, हे त्याच्या मनाला पटेना. गावात सहा गाड्यांची एक मोठी ड्रायव्हिंग स्कूल होती. तिची मालकीण एकेकाळी मामाकडेच शिकलेली. तिच्यासाठी मामानं मांडी घालायला अख्खा उन्हाळा घेतला होता. मामा टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला, तर ती उलट त्यालाच रागावली. "बसा हो मामा! माझ्याकडे शिकवणारे सहा आहेत आणि सहाही ओरडतात. तुम्ही आजपासून लागा."

तिथं महिन्याला ठरलेला पगार होता, माणसं चार असोत की चौदा. तीन-चार दिवसांत मामाच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा सावकाश शिकवायला लागलोय. पाटीची आठवण यायची, नाही असं नाही. कधीकधी जुनी गाडी रस्त्यात दिसली, तर ती वळेपर्यंत तो मागं बघत राहायचा. पण मेहुणी दोन महिन्यांनी पहिल्या फटक्यात पास झाली, आणि त्या दिवशी मामाला बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली.

हप्ते चालू राहिले. घरात काटकसर आली, समुद्रकाठ बंद झाला, आणि गंमत म्हणजे दोघांच्या गप्पा वाढल्या. दर महिन्याला बायको आकडा मोठ्यानं वाचायची. तो खरोखर खाली येत होता. कागदावर लिहिलेली तारीख आली आणि शेवटचा हप्ता गेला. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आता मला गाडी शिकवा."

मामा चमकला. सगळ्या गावाला शिकवलं आणि घरचीच राहिली होती. इतकी वर्षं प्रत्येक तास विकलेला होता. तिच्यासाठी तास मोकळा ठेवायचा म्हणजे तेवढे पैसे बुडवायचे, आणि तिनंही कधी मागितलं नव्हतं. मालकिणीनं रविवारी सकाळी एक गाडी खुशाल न्या म्हणून सांगितलं.

पहिल्याच रविवारी, मोठ्या चौकात, सिग्नल हिरवा झाला आणि बायकोनं गाडी बंद पाडली. चालू केली, परत बंद पडली. मागं भोंग्यांचा नुसता कल्लोळ उठला. ती घाबरीघुबरी होऊन किल्ली चाचपायला लागली. "अहो, काहीतरी करा ना! मागं बघा केवढी रांग लागलीये!"

"अगं, वाजवू दे त्यांना," मामा आरामात म्हणाला. "आपण आता कुणाचं काही देणं लागत नाही."

किल्ली फिरवता फिरवता ती इतकी हसली, की चालू झालेली गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.