इब्राहीमभाऊचा दुसरा घाव

भांडण मी पाहिलं नाही, ऐकलं. सावली गावात इब्राहीमभाऊच्या घरामागे तुराट्यांचं कुंपण होतं. मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन मी दर बुधवारी त्या कुंपणाच्या बाजूनं यायची, कारण समोरच्या दारात त्याचा म्हातारा बाप खाट टाकून पडलेला असायचा. पस्तीस वर्षं तरी झाली असतील त्या गोष्टीला. दुपारची वेळ. कुंपणाच्या आत दोघे भाऊ, थोरला इब्राहीम आणि धाकटा आरिफ. घरात ते त्यांच्या हिंदीत बोलत, पण भांडायचं झालं की आमच्या झाडीच्या बोलीत उतरत. शिव्या हिच्यातच नीट बसतात.

"जाऊन तं पाह्य नागपूरले. तंगडं तोडतो तुहं."

"तंगड्यानं नाई वाजवत मी, भाई."

"अब्बाचा क्लॅरनेट या घराबाहेर जाणार नाई. आठ घरं हायत या बँडवर. तू गेल्यावर लग्नात काय मी एकटा ढोल बडवू?"

"बडव न. ढोल बडवाले अक्कल नाई लागत. याले लागते, म्हणून अब्बानं तुले नाई देल्ला."

मग आवाज आला. लाकडावर लाकूड बसल्याचा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. तो लाकडाचा नव्हता. रोज मासोळी तोडणाऱ्या बाईला हाडाचा आवाज शिकवावा लागत नाही. त्यानंतर जो बोंबलला तो आरिफ नव्हता, इब्राहीमभाऊ होता.

मी टोपली तिथंच टाकून समोरून धावत गेले. आरिफ अंगणात बेशुद्ध पडला होता. क्लॅरनेटचे दोन तुकडे झाले होते आणि त्याची एक पितळी कळ उडून आरिफच्या कपाळात घुसली होती. उजव्या हाताची तीन बोटं चेंदली होती, कुत्र्यानं चघळल्यासारखी. इब्राहीमभाऊ बाजूला बसून तो हात फुंकत होता. लहान पोराला लागलं म्हणजे फुंकतात तसा. ढोलाचा सागवानी दांडा त्याच्या मांडीखाली होता.

घरच्यांना आणि जमातीतल्या जाणत्यांना त्यानं सांगितलं, की घाव एकच होता. मारला क्लॅरनेटवर, हात मधात आला. आरिफ तर बेशुद्ध, त्याला काय ठाऊक. मला कोणी विचारलं नाही. मासोळीवाल्या बाईला फक्त भाव विचारतात.

इब्राहीमभाऊ कसा होता म्हणाल, तर दारातून आडवा जावा असा गडी. लाल कोट, सोनेरी झालर, पोटावर बडा ढोल. वरात दोन आळ्या पलीकडे असली तरी त्याच्या ढोलावरून लोक पंगतीची पानं मांडायला घेत. धम्‌धम्, धम्‌धम्. त्याचा ठोका नेहमी जोडीचा. चहा इतका प्यायचा की त्याची बायको सलीमा म्हणायची, याच्या अंगात रगत कमी अन चहा जास्त हाय. रागही तसाच, उकळीचा. चामोर्शीला एका वरातीत नवरदेवाच्या दारुड्या मामानं ढोलावर पाय ठेवला. त्या लोकांत वाद्याला पाय लागला तर हात लावून माफी मागतात. मामानं दुसराही पाय ठेवला. इब्राहीमभाऊनं त्याला गचांडीला धरून उचललं आणि ढोलाच्याच दांड्यानं पुढचे दात पाडले. बँड उपाशी परत आला. वाटभर सगळे त्याला शिव्या देत होते आणि हा ढोलाचं चामडं पुसत होता.

त्या अंगणातल्या दिवसानंतर आरिफ वेगळा राहू लागला, दोन आळ्या सोडून. पानठेला टाकला. डाव्या हातानं चुना लावायचा. भावाशी शब्द नाही. ईदलाही नाही, बापाच्या मयतालाही नाही. एका बाजूनं ह्यानं खांदा दिला, दुसऱ्या बाजूनं त्यानं.

आणि आरिफ वेगळा झाला त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी इब्राहीमभाऊ माझ्यापुढे येऊन बसला.

"इंदिराबाई, मरळ दे. काटे काहाडून दे."

"मरळीले काटे कुठी असते लय?"

"जे असन ते काहाड. त्याले काहाडता नाई येत."

मी साफ करून, काटे काढून दिली. त्यानं ती पळसाच्या पानात बांधली आणि आरिफच्या उंबरठ्यावर ठेवून आला. आरिफनं ती फेकली नाही आणि कोणी आणली असं विचारलंही नाही. असं वीस वर्षं चाललं. बँड मेला, डीजे आला, लाल कोटाला कसर लागली, पण बुधवार चुकला नाही. त्याला एकच पाहिजे होतं. आरिफनं म्हणावं, की भाई, एकच घाव होता, मी मानतो. तेवढ्यासाठी तो उंबरठा झिजवत होता. आणि मला ठाऊक होतं की घाव दोन होते.

आता आरिफच्या घरच्या टीव्हीचं सांगते.

आरिफची पोरगी अमरीन तेव्हा कॉलेजात होती. तिनं चंद्रपूरच्या मैत्रिणीकडून एक सीडी आणली होती. कोण्या परदेशी गाणाऱ्याचा मोठा कार्यक्रम, जसा झाला तसा उतरवलेला. त्या बुधवारी गावात कशाचा तरी बंद होता, पानठेलाही बंद, म्हणून आरिफ घरी. मी त्या आळीतच मासोळी विकत होते. इब्राहीमभाऊ पुडकं उंबरठ्यावर ठेवून वळला, तशी अमरीननं त्याची बाही धरली.

"बडे अब्बा, पाच मिनटं बसा. वाजवणारा माणूस हाय, पाहून तं जा."

तो भावाकडे पाहू लागला. आरिफ भिंतीकडे.

"मावशी, तुम्ही बी या," पोरगी म्हणाली. दोन बैल एका दावणीला बांधायचे तर मधात कोणी पाहिजे, म्हणून मला बोलावलं असेल. मी टोपली दाराशी ठेवून बसले. इब्राहीमभाऊ कोपऱ्यात दाराजवळ, आरिफ खाटेवर.

टीव्हीत माणसंच माणसं, मार्कंड्याच्या जत्रेत नसतील इतकी. आणि एक गोरा. केस माझ्या सुनेपेक्षा लांब, अंगात सदरा नाही, घामानं न्हालेला. गळ्यात गिटार. तो गात होता की कोणाशी भांडत होता, मला कळलं नाही. मान अशी झटकायचा की मी म्हटलं, याच्या अंगात आलं, कोणी लिंबू आणा. अमरीन हसली.

पण बाई, वाजवायला लागला तेव्हा लिंबू राहिलं बाजूला. मला त्यातलं काही समजत नाही, तरी छातीत काही खरवडल्यासारखं झालं. आरिफचे डोळे मिटले होते. त्याची ती तीन वाकडी बोटं मांडीवर हलत होती. एक कळ, दोन कळा, तीन. जिथं दाबायचं तिथं दबत नव्हती, तरी हलत होती. इब्राहीमभाऊ टीव्ही पाहतच नव्हता. तो ती बोटं पाहत होता.

पोरीनं सीडी शेवटपर्यंत पाहिली नव्हती, हे तिनं मला मागून सांगितलं. शेवटी त्या गोऱ्यानं गळ्यातली गिटार काढली, दोन्ही हातांनी दांड्याकडून धरली आणि घन घालतात तशी जमिनीवर घातली. तिच्या तारा कण्हल्या. परत उचलली, परत घातली. लाकूड फुटलं. परत. छिलपे उडाले. लोक आनंदानं ओरडत होते.

"याचं कोणी मेलं काय वं?" मी म्हटलं. आमच्या घरची रीत आहे, माणूस गेला की त्याचं जाळं कापतात, दुसऱ्यानं त्याच्यावर मासोळी धरू नये म्हणून. नवऱ्याचं जाळं मीच कापलं होतं. मला तेच आठवलं.

"नाई मावशी, हा त्याचा खेळच हाय," अमरीन म्हणाली. ती बापाकडे पाहत होती.

दाराजवळून इब्राहीमभाऊ बोलला, कोणालाच नाही, टीव्हीलाच बोलल्यासारखा. "एकदा उगारला का हात थांबत नाई."

खाटेवरून आरिफनं विचारलं, "किती मारले होते तू?"

वीस वर्षांतला तो पहिला शब्द. इब्राहीमभाऊ अजून ती बोटंच पाहत होता.

"एक का दोन?"

आणि इथं मी तोंड उघडलं. मला वाटलं मी त्याला वाचवते. मी म्हटलं, "आरिफभाऊ, तो ढोलवाला होय. ढोलाचा ठोका जोडीचाच पडते. जन्मभर हात तसाच चालला, तं त्या दिवशीबी तसाच चालला असन. त्यात त्याचा काय कसूर?"

आरिफ माझ्याकडे वळला. "म्हणजे दोन होते."

मला अजून आशा होती, की इब्राहीमभाऊ म्हणेल, हो, हाताची सवय. एवढं म्हटलं असतं तर निभलं असतं. आरिफनंही मानलं असतं, त्यालाही मानायचंच होतं.

"दोन होते," इब्राहीमभाऊ म्हणाला. "पण इंदिराबाई म्हणते तसं नाई. पह्यला क्लॅरनेटवर. तू पडला. मंग तुहा हात दिसला मले. दुसरा म्या पाहून मारला."

कोपऱ्यात सायकलचा लोखंडी पंप उभा होता. आरिफनं तो डाव्या हातानं कधी उचलला मला दिसलंच नाही. पहिला फटका खांद्यावर बसला आणि गळ्याचं हाड कडकन वाजलं. दुसरा कानावर. कान फाटून लोंबला. मी मधात गेले तर माझ्या मनगटावर बसला, ती गाठ अजून आहे. अमरीन बापाच्या कमरेला लोंबकळून रडत होती. तो शिव्या देत नव्हता, नुसता हुंकारत होता, घाव घालताना लाकूडतोड्या हुंकारतो तसा. इब्राहीमभाऊचा सदरा छातीपर्यंत लाल झाला. एवढा मोठा गडी, एका हातानं त्या पानवाल्याला उचलून बाहेर ठेवता, पण त्यानं हात वर केला नाही. टीव्हीत अजून टाळ्या चालू होत्या. त्या गोऱ्याचं काय, त्याच्याजवळ दुसरी गिटार असेल.

मग इब्राहीमभाऊनं उजवा हात उंबरठ्यावर ठेवला. पालथा. मासोळीच्या पुडक्याच्या बाजूला.

"अब्बा, नका," अमरीन म्हणाली.

आरिफनं मारला. बोटांवर. तो आवाज मी ओळखीचा म्हणून ऐकला. पंप पुन्हा वर गेला, डोक्याच्याही वर, आणि तिथंच राहिला. पंपाच्या टोकावरून रगत त्याच्याच पायावर टपकत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्यानं पंप खाली आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"पाह्य," तो म्हणाला. "थांबते हात."

इब्राहीमभाऊ तेव्हा रडला. मार खाताना नव्हता रडला.

आरिफनंच आपला दुपट्टा फाडून तो हात बांधला, एक टोक दातात धरून. मग दोघे पायीच दवाखान्यात गेले, मागे मी टोपली आणि मनगट सांभाळत. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं हे? इब्राहीमभाऊ म्हणाला, "ढोल पडला अंगावर." घडीभरापूर्वी भावापुढे ज्याला एक खोटं बोलता आलं नाही, तो तिथं बिनदिक्कत बोलला. डॉक्टरनं माझं मनगट पाहिलं. "अन हे?" मी म्हटलं, "तोच ढोल."

त्यातून ते राम-लक्ष्मण झाले नाहीत. पण बुधवारी आता पुडकं उंबरठ्यावर राहत नसे, इब्राहीमभाऊ ते आत न्यायचा आणि बसायचा. दोघांच्या उजव्या हातांत मिळून धड बोटं मोजकीच. अमरीन लग्न होऊन भद्रावतीला गेली, तेव्हा जाताना मला म्हणाली, "मावशी, काटे नीट काहाडत जा. आता खाणारे दोन हायत." तो पंप आरिफनं विकला नाही. त्याच पंपानं सायकलीत हवा भरायचा.

या पौषात, एका गुरुवारी पहाटे इब्राहीमभाऊ झोपेतच गेला. त्याच्या आदल्या दिवशी बुधवार होता.

मी आता फार चालत नाही, बस स्टँडजवळ बसते. त्या बुधवारीही तो काठी टेकत आला, खोकत. समोर उकिडवा बसला.

"मरळ हाय?"

"हाय. अन आज झिंगेबी हायत."

"झिंगे नको. तो डाव्या हातानं सोलत बसते अन मले पाहावं लागते."

मी मरळ तोडली, साफ केली, काटे काढले. त्यानं नेहमीसारखी धड बोटं मांसातून फिरवली, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तशी. एक काटा सापडला. तो चिमटीत धरून त्यानं माझ्या डोळ्यांपुढे नाचवला.

"म्हातारी झाली बाई तू."

"तू तं जसा नवरदेवच."

तो हसला, खोकला, पळसाच्या पानाची गाठ दातानं आवळली आणि उठला. पुढचं मला आरिफनं सांगितलं. इब्राहीमभाऊ आत आला, पुडकं चुलीजवळ ठेवलं, खाटेवर टेकला. आरिफनं विचारलं, "काटे पाह्यले?"

"पाह्यले."

चहा झाला. अर्धा कप अजून मागितला, तोही झाला. मग पायताण घालून तो आपल्या घराकडे निघून गेला.