पलीकडच्या काठावर रांग नव्हती

शांघायच्या जागतिक मेळ्याच्या त्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत चू मिस्त्रीइतकी मागणी कुणालाच नव्हती, लग्नाला आलेल्या मुलींनासुद्धा. जो तो विचारायचा, "मिस्त्री उद्या मोकळे आहेत का?" आणि विचारायचा तोही मिस्त्रीला नाही, त्याच्या मुलाला.

चू गनफा हा नदीच्या पश्चिम काठावरच्या जहाज कारखान्यातला जुना माणूस. उभा जन्म त्याने पोलादी पत्र्यांना रिव्हेट ठोकण्यात घालवला, त्यात एक कान गेला. त्याची बायको आयझेन त्याच कारखान्यात क्रेन चालवायची. मोठ्या शेडच्या छपराखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला टांगलेली पिवळी केबिन, केबिनमध्ये आयझेन आणि खाली हा. नवराबायकोचा संसार अर्धा असा वर-खालीच झाला. तिचा आवाज याला ऐकू जायचा नाही, म्हणून ती वरून शेंगदाण्याची टरफलं मारायची.

मग मेळा ठरला. कारखाना दुसरीकडे हलवला, त्याच्या मागच्या गल्लीतली घरं पाडली आणि आम्हा सगळ्यांना उचलून शहराबाहेरच्या या नव्या वसाहतीत आणून टाकलं. आयझेन दुसऱ्याच हिवाळ्यात गेली. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं गेली होती, मिस्त्री म्हणायचा घर गेलं म्हणून गेली. मला विचाराल तर दोन्ही खरं.

मेळा सुरू व्हायच्या आधी कुणीतरी बातमी आणली की जुनी शेड पाडलेली नाही, तिथे प्रदर्शन भरवलंय आणि क्रेनही जागच्या जागी ठेवलीय, केबिनसकट. वरच्या सज्जात चढलं की केबिन अगदी समोर येते म्हणे. त्या दिवसापासून मिस्त्रीने एकच घोकायला घेतलं, मला ती केबिन एकदा बघायचीय. मेळा ऑक्टोबरअखेर उठणार होता. त्यानंतर शेड ठेवतील की पाडतील, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

मार्चमध्ये तो जिन्यात घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई कडक होत्या. "चाला. दुखलं तरी चाला. या वयात बसलात की कायमचे बसलात." मिस्त्रीने मनावर घेतलं. मे उजाडेपर्यंत तो काठी टेकत आवारात फेऱ्या मारायला लागला, तोही पायजम्यात. मोहल्ला समितीच्या बाई धावत आल्या. मेळा आहे, परदेशी पाहुणे येताहेत, पायजमा घालून घराबाहेर फिरू नये असा हुकूम आहे.

"परदेशी पाहुणा एवढ्या लांबून येणार," मिस्त्री म्हणाला, "आणि माझा पायजमा बघणार?"

बाई हसल्या आणि गेल्या. मिस्त्रीने फेरी पूर्ण केली.

शहरातल्या प्रत्येक घराला मेळ्याचं एक तिकीट फुकट मिळालं होतं. मिस्त्रीचा मुलगा वेइलियांग एका गोदामात कारकून होता, कित्येक वर्षं त्याच खुर्चीवर. त्याने दोन तिकिटं वर विकत घेतली आणि तळमजल्यावरच्या हू कुटुंबाकडून व्हीलचेअर मागून आणली. हूची आई नुकतीच वारली होती, खुर्ची रिकामीच होती.

"बाबा, आत फार चालायचंय. तुम्ही आपले बसा."

मिस्त्रीला भरून आलं. पोरगा बापाचं करतोय, आणखी काय हवं?

देशोदेशीचे मंडप नदीच्या पूर्व काठावर होते. पहिल्या दिवशी जपानच्या मंडपाबाहेर पाच तासांची रांग होती. लोक घडीची स्टुलं टाकून, छत्र्या उघडून बसले होते. व्हीलचेअर दिसताच हिरव्या सदऱ्यातला एक स्वयंसेवक धावत आला, त्याने बाजूचा दोर सोडला. "आजोबा, तुम्ही इकडून. घरचेही या बरोबर."

तिघं सरळ आत. सून लीफन इतकी खूश झाली की तिने सासऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवशी त्यांनी सात देश उरकले.

"आता पलीकडच्या काठावर जाऊ," मिस्त्री म्हणाला. "आपल्या शेडमध्ये."

"पुढच्या वेळी, बाबा. शेड काय पळून जातेय?"

पुढच्या वेळी लीफनची बहीण, बहिणीचा नवरा आणि तिची नणंद होती. त्याच्या पुढच्या वेळी सूचौहून आलेले व्याही. मग वेइलियांगच्या गोदामाचे मुख्य क्वान साहेब, मग क्वान बाई आणि त्यांच्या मैत्रिणी. तेव्हा वेइलियांग बरोबर नसायचाच. सकाळी दारात बापाला खुर्चीत बसवायचा, वर सांगायचा, "बाबा, साहेबांच्या घरची माणसं आहेत, जरा सांभाळून." बाप उसना दिला आणि संध्याकाळी परत घेतला. भांडंसुद्धा शेजारी देताना आपण दहादा विचार करतो.

मिस्त्री प्रत्येकाला सांगायचा, मला पलीकडे न्या, बोट फुकट आहे, दहा मिनिटं लागतात. पलीकडे कशाला जायचं, लोक म्हणायचे, तिकडे तर रांगसुद्धा नसते. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. जिथे रांग नाही तिथे खुर्चीचा उपयोग नाही, आणि जिथे खुर्चीचा उपयोग नाही तिथे चू गनफाला कोण कशाला नेईल?

जुलैत सौदीच्या मंडपापाशी ते झालं. रांग नऊ तासांची, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. क्वान बाई आणि मंडळी आत जाऊन, बघून बाहेर आली. सकाळपासून बसून मिस्त्रीची कंबर धरली होती, लघवीलाही लागली होती. बाई फोटोत गुंतलेल्या, म्हणून तो आपला उठला आणि पाच-सात पावलं चालला.

रांगेतून एकजण ओरडला, "बघा बघा, चमत्कार! सौदीवाल्यांनी लंगड्याला चालवला!"

सगळी रांग हसली. मोबाइल बाहेर निघाले. कुणी म्हणालं, आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत? कुणी थुंकलं. क्वान बाई लालबुंद होऊन, मागे वळूनही न बघता चालत्या झाल्या. मिस्त्री भर उन्हात रिकामी खुर्ची धरून उभा राहिला. इतकी वर्षं त्याने कुणाचा एक खिळा घरी नेला नव्हता, आणि आज हजार माणसं त्याला लबाड म्हणत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी वेइलियांग फुरफुरत घरी आला. "बाबा, तुम्हाला काही कळतं का? माझी बढती अडकलीय त्यांच्याकडे."

"उभा राहिलो. गुन्हा केला का?"

"मेळा संपेपर्यंत उभं राहायचं नाही. इथे आवारातसुद्धा नाही. लोक फोटो काढून इंटरनेटवर टाकतात, मग दाखवायला तोंड राहील का? नोव्हेंबर लागला की चाला हवं तेवढं."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या..."

"चार महिन्यांनी काय होतंय? आणि ऐका, शेवटच्या आठवड्यात मी स्वतः तुम्हाला पलीकडे नेईन. आईच्या क्रेनपाशी. शब्द देतो."

वेइलियांगने काठी कपाटावर ठेवली आणि मिस्त्रीने ती ठेवू दिली. लोक त्याला भोळा म्हणतात, मला ते पटत नाही. त्याला केबिन बघायची होती, एका पायावर तीन बस बदलून एकट्याने जाणं त्याला शक्य नव्हतं, आणि नेणारा एकच होता. गरजवंताला भोळं म्हणणं फार सोपं असतं.

मग तो बसला. बसून बसून त्याने जग पाहिलं. बसलेल्या माणसाला जग दिसतं ते लोकांच्या ढुंगणांच्या उंचीवर. पिशव्या, पट्टे, घामाने भिजलेल्या पाठी, आणि त्यांच्या फटीतून कुठल्याशा देशाचा दिवा. लघवीला जावं लागू नये म्हणून तो सकाळपासून पाणी प्यायचा नाही. सप्टेंबरात लीफन त्याला पायजमा चढवताना म्हणाली, "बाबा, पाय किती बारीक झालेत तुमचे." मग जरा थांबून म्हणाली, "एका अर्थी बरंच. आता कुणी संशय घेत नाही."

वेइलियांगला बढती मिळाली. आणि त्याने शब्दही पाळला, नाही म्हणायला जागा नाही. मेळा उठायच्या आदल्या दिवशी दोघं बोटीने पलीकडे गेले. सगळी गर्दी पूर्वेच्या काठावर, शेवटचं बघून घ्यायला. इकडे शेडच्या दारात एक पहारेकरी जांभया देत होता. मिस्त्रीने आत येताच नाक वर करून वास घेतला. तेलाचा, लोखंडाचा वास नव्हता, नव्या रंगाचा होता. छपराखाली सगळीकडे पांढरं कापड ताणलेलं, त्यावर रंगीत दिवे. खालून क्रेन दिसतच नव्हती. केबिन बघायची तर लोखंडी जिन्याने सज्जात चढायला हवं, आणि लिफ्ट नव्हती.

वेइलियांगने खुर्ची जिन्याशी लावली. "बाबा, उठा."

मिस्त्रीने दोन्ही हात टेकले. जोर केला. काहीच झालं नाही.

"उठा ना. इथे कोणी बघत नाही."

"उठतोय."

"बाबा, रांग नाही, गर्दी नाही. आता कशाला नाटक?"

"नाटक नाही रे," मिस्त्री म्हणाला. "पायच नाहीत."

वेइलियांगने त्याला काखेत धरून उभं केलं. गुडघे ओल्या कापडासारखे दुमडले, दोघंही पायरीवर आपटले. पहारेकरी धावला, त्याने मिस्त्रीला उचलून खुर्चीत बसवलं.

"किती वर्षं झाली यांना असं?" त्याने विचारलं.

"चालायचे हे," वेइलियांग म्हणाला. "मे महिन्यात."

पहारेकऱ्याला ते कळलं नाही. मिस्त्री जिन्याकडे बघत राहिला. पोराला चार शिव्या हासडाव्यात असं त्याच्या फार मनात आलं, पण अजून वर जायचं होतं आणि त्याच्याशिवाय कोण नेणार?

"मी वर जाऊन फोटो काढून आणतो," वेइलियांग म्हणाला. "घरी मोठ्या पडद्यावर बघू. उलट जास्त चांगलं दिसेल."

तो दडदड चढून गेला आणि थोड्या वेळाने तसाच उतरला. मोबाइल बापासमोर धरला. फोटोत वेइलियांग होता. सवयीने दोन बोटं वर केलेली, दात दिसताहेत, चेहरा जवळजवळ सगळा फोटोभर.

"केबिन?"

"ही काय मागे. माझ्या कानापाशी पिवळं दिसतंय ना, ती."

मिस्त्रीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"तुझी आई तिथे बसायची," तो म्हणाला.

"माहितीये, बाबा."

"मग बाजूला का नाही झालास?"

वेइलियांगने मोबाइल काढून घेतला. "परत जाऊन काढून आणू का?" असं तो म्हणालासुद्धा, पण म्हणता म्हणता त्याने खुर्ची बोटीच्या दिशेने वळवलीही होती.