धनाजीची राहिलेली सलामी

पासलीचा धनाजी म्हणजे भातखाचरात राबणारा, अंगानं आडमाप आणि डोक्यानं भलताच गरम गडी. भोरच्या तालमीत अय्युब वस्तादांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आपल्या पोराच्या, रियाजच्या वाटणीचं दूध याला पाजलं, दोघांना एकाच मातीत घुमवलं.

आणि मग त्या मेल्या मोबाईलवर मुसलमानांविषयी काहीबाही आलं. खरंखोटं कोण बघतंय? धनाजीनं डोक्यात राख घालून तालीमच सोडली. एका जत्रेत काही टवाळांनी त्याला चढवून त्याची कुस्ती रियाजशीच लावली. एका तालमीचे पैलवान मैदानात भिडत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं. पण हा तयार झाला.

कुस्तीआधी समोरच्याच्या हातावर माती द्यायची, ही सलामी. रियाजनं माती पुढं केली. धनाजीनं ती उडवून लावली, थेट त्याचा उजवा हात धरला आणि पिळत सुटला. पंच ओरडत होते, हा सोडेचना. कोपर कटकन मोडलं तेव्हा कुठं त्यानं हात सोडला. रियाज मातीत तोंड खुपसून गुरासारखा ओरडला. पंचांनी त्याला बाहेर ओढलं.

म्हातारे वस्ताद आखाड्यात उतरले आणि धनाजीच्या कानफटात सणसणीत लगावली. गुरूचाच हात तो! तालमीत असल्या कैक खाल्ल्या होत्या त्यानं. पण टवाळांना दिसलं ते एवढंच, की आपल्या माणसाला त्यांच्यातल्यानं मारलं. पहिला दगड वस्तादांच्या कपाळावर बसला. ते रक्तबंबाळ होऊन कोसळले, आणि काठ्या निघाल्या.

"माजा वस्ताद हाय त्यो!" धनाजी ओरडला. ऐकतंय कोण? मग तो वस्तादांवर पालथा पडला, गुडघे आणि कोपरं मातीत रोवून. खाली सापडल्यावर मातीला कसं चिकटायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. पाठीवर काठ्या बसत होत्या, बरगड्या मोडत होत्या. त्याला उपटून काढायला चौघं झोंबले, पण गडी हलला नाही.

खालून वस्ताद पुटपुटले, "ढिला पडू नगंस."

न्हाईच पडला. पोलीस आले, टवाळ पांगले, वस्ताद वाचले.

धनाजीला आता वाकून भात लावता येत नाही. रियाजचं कोपर अजून सरळ होत नाही. चालता-फिरता झाल्यावर धनाजी तालमीत गेला आणि मूठभर माती घेऊन रियाजपुढं उभा राहिला. रियाजनं आपल्या वाकड्या कोपराकडं बघितलं. मग त्यानं डावा हात पुढं केला.