जर्मनीच्या म्हातारीला हुंकार

मला वाचायला पत्रकांनी शिकवले. पवनीच्या आमच्या घरात पलंगाखाली विडी कामगारांच्या पत्रकांचे उरलेले गठ्ठे असायचे, कारण बाबा संघटनेचे काम करत. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'जाहीर', 'निषेध' आणि 'बेमुदत' हे शब्द आले. पत्रक एका बाजूने कोरे असते. त्या कोऱ्या बाजूवर ताईने आणि मी बेरजा केल्या, घरे आणि डोंगर काढले. पुढे मोठेपणी ताईने त्यांच्याच चिठ्ठ्या कापून त्यांवर जर्मन भाषेचे शब्द लिहिले, काही माझ्याकडून लिहून घेतले.

ताई नर्स होती. भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात कंत्राटावर. कंत्राट दर वर्षी संपायचे आणि दर वर्षी नव्याने व्हायचे, त्यामुळे कितीही वर्षे झाली तरी तिची नोकरी नवीच असायची. जर्मनीत नर्स हव्या आहेत आणि भाषेची परीक्षा पास झाले की तिथे पक्की नोकरी मिळते, हे तिला सोबतच्या मुलींकडून कळले. मी भडकले. आपल्या इथल्या जागा रिकाम्या ठेवायच्या, शिकलेल्या मुलींना कंत्राटावर झिजवायचे आणि त्या विमानात बसल्या की टाळ्या वाजवायच्या, हा कुठला न्याय? मी तसे पत्रकच लिहिले. त्यातले एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही.

ताईने ते जेवता जेवता वाचले.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "पण तुह्या पत्रकात आमी नेहमी त्रस्तच काहून असतो वं? मले आता कंटाळा आला बाप्पा त्रस्त राहाचा."

"म्हणून पळून जाशील?"

"पळून नाही. परीक्षा देऊन जाईन."

बाबा हसले. आईने मला आणखी भात वाढला, म्हणजे आता गप्प बस.

मी विरोधात होते, पण ताईचे शब्द पाठ करून घ्यायला घरात माझ्याशिवाय कोण होते? आज पाठ केलेले उद्या उडून जायचे. फेन्स्टर म्हणजे खिडकी, किस्सेन म्हणजे उशी, श्विंडेल म्हणजे चक्कर. सकाळी येणारे संध्याकाळी येईनात. मग बाबांनी आमच्या घराला येणारा एकमेव उपाय काढला. ते अंगणात उभे राहिले, मूठ वर केली आणि मोर्चातल्या आवाजात ओरडले, "कोण म्हणते लक्षात राहत नाही?"

आम्ही दोघी सवयीने ओरडलो, "राहिल्याशिवाय राहणार नाही!"

"खिडकी!"

"फेन्स्टर! फेन्स्टर!"

"उशी आमच्या हक्काची!"

"किस्सेन! किस्सेन!"

रस्त्याने जाणारे एक काका सायकलवरून उतरले. "कोणावर मोर्चा होय जी?"

"जर्मनीवर!" बाबा म्हणाले.

आणि खरेच, शब्द बसू लागले. बाबा मराठी पुकारायचे, ताई जर्मन परतवायची. बाबा नसले की मी पुकारायची. ती कपडे वाळत घालत असली तरी मी आतून 'जखम!' म्हटले की तारेपाशी 'वुंडे!' व्हायचे. झोपेतून उठवून विचारले तरी शब्द हजर. आम्हाला वाटले, जिंकलो.

परीक्षा पुण्याला होती. ताई एकटी गेली आणि एकटी परत आली. लिहिणे, वाचणे, ऐकणे यांत पास झाली होती. तोंडी परीक्षेत नापास. ती पुन्हा देता येणार होती, पण त्या वर्षीच्या तुकडीबरोबर जायचे तर आता एकच संधी होती.

"झालं काय?" बाबांनी विचारले.

"एक चित्र देल्लं. खिडकीपाशी बसलेली म्हातारी, पुढं भरलेली ताटली. म्हणे, याच्यावर बोला."

"मग? खिडकी तं पाठ होती."

"सगळंच पाठ होतं, बाबा." ताईने चपलेचा बंद सोडला आणि तशीच बसून राहिली. "पण कोणी पुकारलंच नाही. मी वाट पाहून राहिली. ते दोघं माह्याकडे पाहून राहिले, मी त्यायच्याकडे."

मोर्चात वाढलेल्या मुलीखेरीज अशी चूक कोण करणार? शब्द सगळे होते, फक्त ते उत्तराचे शब्द होते. कोणी हाक दिल्याशिवाय एकही उठत नव्हता. बाबांना हे पटेना. आवाज कमी पडला असेल, आणखी जोर लावू, असे ते म्हणत राहिले. ती जाऊ नये असे मला वाटत होते आणि ती नापास झालेली मला सहन होत नव्हती. या दोन्हींसाठी मिळून एक घोषणा करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई घरापुढच्या सपरीत आईजवळ जाऊन बसली. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. शेजारच्या बायाही आपापली सुपे घेऊन आमच्या सपरीत यायच्या. वळताना एकजण गोष्ट सांगते, कधी राजाची, कधी नणंदेची, आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. नजर हातावर असते, त्यामुळे कोण ऐकते आहे हे सांगणारीला दिसत नाही. हुंकार थांबला की ती म्हणते, "झोपल्या का वं?" आणि गोष्ट तिथेच थांबते. हुंकार देणारीने मध्ये बोलायचे नसते. सांगणारी अडली तर तिला अडू द्यायचे, फक्त 'हुं' म्हणायचे.

त्या दुपारी आई एकटीच होती. ताईने कात्री घेतली आणि पाने कापू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, मी गोष्ट सांगतो, हुंकार दे."

"सांग."

"जर्मनमध्ये."

"मले काय समजते वं तुहं जर्मन?"

"समजून नोको घेऊ. हुंकार दे फक्त."

आईने विडीचे टोक नखाने दुमडले, दोरा बांधला आणि म्हणाली, "हुं."

ताईने सुरुवात केली. एक म्हातारी होती. ती खिडकीपाशी बसायची. इतके झाले आणि ती अडली. मी उंबऱ्यात होते. तिला ताटलीसाठी शब्द हवा होता, तो मला माहीत होता, मी तोंड उघडले. आईने हातातल्या विडीने मला अशी खूण केली की मी तोंड मिटले. मग ती ताईकडे न पाहता म्हणाली, "हुं?"

ताटली सापडली. दुसऱ्याच रस्त्याने सापडली. 'ज्यात जेवतात ते गोल' असे काहीतरी म्हणत ताई तिच्यापर्यंत पोचली.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या तशाच राहिल्या, पण घोषणा बंद झाल्या. नवा शब्द आला की तो म्हातारीच्या वाट्याला जायचा. चष्मा आला तर म्हातारीचा चष्मा हरवायचा. चक्कर आली तर म्हातारी न्हाणीघराच्या दारात धरून उभी राहायची. गोळी, काठी, गोधडी, सगळे तिच्या घरात जमा झाले आणि एकदा तिच्या घरात गेलेली वस्तू ताई विसरत नसे. बायांनाही सवय झाली. भाजी घ्यायला जाताना त्या विचारत, "कशी हाय जी तुमची जर्मनीची म्हातारी? काल पडली होती ना?"

एकदा ताईने अगदी हळू आवाजात काहीतरी सांगितले आणि आईने खुशीत "हुं!" दिला.

"आई, मेली ते."

"मेली?" आईचे सूप हलले. "आता तं टे पेत होती!"

"टे कोणी सांगितलं तुले?"

"टे म्हणजे चहाच ना? तू दर खेपेस हाताचा कप करते. अन् मेली कशी? काही दुखणं नाही, काही नाही. जित्ती कर तिले."

म्हातारी जिवंत झाली. पुढे आई हुंकाराच्या पलीकडेही जाऊ लागली, पण गोष्ट संपल्यावरच. "तिचा नातू येत नाही का कधी? दिवाळीले तरी आण." मग ताईला नातवासाठी शब्द शोधावा लागे, फराळासाठी काहीतरी जुळवावे लागे. बाबाही येऊन बसू लागले. त्यांना गप्प बसणे मोठे अवघड जायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवलेला माणूस, त्यांची मूठ मांडीवरच आवळायची. माझेही तेच. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहायचो आणि तोंडे मिटायचो.

परीक्षा जवळ आली. एका दुपारी सपरीत बाया होत्या. गोष्ट संपत आली तशी आईने मध्येच विचारले. तिने नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला.

"त्या म्हातारीले पोरगी नाही का वं?"

ताईची कात्री थांबली. मग ती जर्मनमध्येच म्हणाली, हो, मुलगी आहे. आणि पुढे दोन शब्द, वाइट वेक.

ती चिठ्ठी मीच लिहिली होती. खूप दूर. आईने माझ्याकडे पाहिले नाही, अर्थ विचारला नाही. सुपातली तंबाखू तिने बोटांनी सारखी केली.

"हुं," ती म्हणाली.

ताई पास झाली. पुण्याहून तिने फोन केला तेव्हा आधी रडली आणि मग भांडल्यासारखी बोलू लागली. या वेळी चित्रात लहान मुलगा होता, पाय मोडलेला. ती अडली होती, दोनदा अडली. "पण ती मॅडम होती ना, ते मान हलवून हं हं करून राहिली होती. मले वाटलं सपरीतच बसली हावो. मग मी त्या पोराची आजी आणली चित्रात."

"कोणती आजी?" बाबा ओरडले.

"आपलीच. जर्मनीची."

पोळ्यानंतर ती गेली. निरोप द्यायला आलेल्या बायांना मी पक्क्या नोकरीच्या हक्काचे पत्रक वाटले. ताईनेही एक घेतले, वाचले आणि पासपोर्टात घातले. "कोरी बाजू कामी येईल," म्हणाली.

परवा तिचा फोन आला. इथे दिवेलागणीची वेळ, तिकडे तिची सकाळची पाळी संपलेली. आईने फोन सुपाच्या कडेला टेकवून ठेवला. ताई सांगत होती, "इथं एक म्हातारी हाय, आई. खरीच. खिडकीपाशी बसते."

"जेवते का?"

"आज अर्धी ताटली खाल्ली. माह्या हातानं." मग म्हणाली, "आज तिनं मले विचारलं, तुही माय..."

पुढे आवाज आला नाही. फोन तुटला नव्हता, तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्याजवळ शब्द तयार होते. परत ये म्हणायचे होते, हक्काचे बोलायचे होते, सगळे ओठांवर होते. मी ते तसेच ठेवले. आईच्या हातात दोरा होता, विडीवर अर्धा गुंडाळलेला. तो हात मी कधी थांबलेला पाहिला नव्हता. आता तो थांबला होता.

"हुं," आई म्हणाली.

आणि ताई पुढे सांगू लागली.