खंडागळे सरांच्या वर्गात बचावाला बंदी

मला राग आला की तो विरत नाही, त्याचा किस्सा होतो. आणि आमच्या बुद्धिबळ क्लबात राग यायला कारण लागत नाही, सेक्रेटरी लागतो!

खंडागळे सर क्लबात रविवारी सकाळी मोठ्यांना शिकवायचे. जुन्या उस्तादांनी जे ज्या क्रमानं शोधलं, ते त्याच क्रमानं शिकायचं, ही त्यांची पद्धत. एकोणिसाव्या शतकात समोरच्यानं मोहरा देऊ केला तर तो नाकारणं भेकडपणाचं मानत. म्हणून आमच्याही वर्गात नाकारायला बंदी.

*

शेख चाचा म्हणजे रिटायर्ड कंडक्टर. जिल्हा स्पर्धेत समोरच्यानं घोडा दिला, चाचांनी घेतला. उंट दिला, तोही घेतला. पंधराव्या चालीला मात!

मी भडकलो. "चाचा, दिसत नव्हतं का?"

"दिख रा था मियाँ! पर अपनी क्लासमें बचाव अभी निकलाच नै!"

*

पाचोडचे बबनराव लहानपणापासून देशी पद्धतीनं खेळलेले. पहिल्याच दिवशी उखडले. "प्यादं दोन घरं? अन् तेबी पहिल्याच चालीला? लई माजलंय हे!"

समजावून सांगायचं सोडून सर खूश! आपल्याकडं प्यादं एकच घर चालायचं, ही घाई नंतर युरोपातल्या उस्तादांनी आणली, म्हणाले. महिनाभर अख्खा वर्ग एकेक घर चालला. सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला. खरं सांगतो, मीही लावला.

*

एकदा सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन वर्गात घुसले. सर एक जुना, गाजलेला डाव दाखवत होते. सेक्रेटरींनी तो कॉम्प्युटरमध्ये घातला आणि ओरडले, "बघा! तुमच्या उस्तादाच्या सात चुका!"

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, ज्यानं चाक शोधलं, त्याला तुम्ही पंक्चरबद्दल जाब विचारताय."

सगळा वर्ग हसला. तो हशा आम्हाला महागात पडला.

*

पुढच्याच मीटिंगला विषय आला: जुनाट वर्ग बंद, त्या वेळेत ऑनलाइन कोचिंग. सरांचं घर पेन्शनवर चालतं, पण सर चालतात ते या रविवारवर, हे कमिटीत सगळ्यांना माहीत. तरी एकेक हात वर गेला! विरोधात कमिटीतला मी एकटा. माझं डोकं इतकं फिरलं, मी इतका ओरडलो, की माझं मत कोणी लिहूनच घेतलं नाही. अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

*

शेवटच्या रविवारी सेक्रेटरी स्वतः आले. "सर, दहा वाजले. हॉल रिकामा करा."

 सरांनी मोहरे डब्यात भरले, पिशवी उचलली. तेवढ्यात चाचा उठले.

"सर, हमकू उन्नीसवीं सदीमेंच छोडके जा रे क्या?"

सर दारात थांबले. परत आले, डबा टेबलावर पालथा केला आणि पट मांडायला लागले.

"अहो सर, वेळ संपली!" सेक्रेटरी ओरडले.

सरांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "या माणसांना दीडशे वर्षं मागं मी नेलंय, साहेब! परत आणल्याशिवाय घरी कसा जाऊ?"