खंडेनवमीचा हॅन्डब्रेक

अडकलेल्या हॅन्डब्रेकने माणूस जेवढा दमतो, तेवढा दिवसभर गाडी हाकून दमत नाही. हे मी लिहून देतो.

ठाकूरद्वारच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी नऊ वर्षं ड्रायव्हर होतो. बाई बाळंतपणं करायच्या, गिरगावापासून थेट परळ-लालबागच्या चाळींपर्यंत. गाडी लढाईच्या आधीची, विलायती, त्यांच्या वडिलांची. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालू होती. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा रस्ता बंद. गाडी चार-चार दिवस वाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि बाई ट्रामने, नाहीतर सरळ चालत जायच्या. त्यांचे भाऊ येता-जाता म्हणायचे, "कशाला हे धूड पोसतेस? विकून टाक." बाई बॅग उचलून चालू लागायच्या. पण मला कळत होतं, गाडी गेली की मी गेलो. पन्नाशीला टेकलेल्या, चष्मा लागलेल्या ड्रायव्हरला दारात कोण उभं करणार होतं?

नेमका तेव्हाच हॅन्डब्रेक रुसायला लागला. दांडा खाली जायचा, पण मागचं चाक काही सुटायचं नाही. क्लच सोडला की गाडीचं बूड खाली बसायचं आणि गाडी तिथल्या तिथे. मागेपुढे चार हिसके दिले की एकदाची सुटायची. तारेचा दोष, मी ठरवूनच टाकलं होतं. दर रविवारी गाडीखाली आडवा होऊन तारेला तेल पाजायचो, मग एवढा खाली शिरलोच आहे तर म्हणून गाडी चाकांसकट धुऊन काढायचो. घरी सदऱ्यावरचे डाग बघून बायको करवादायची, "आग लागो तुमच्या त्या ब्रेकाक!" आणि सोमवारी सकाळी ये रे माझ्या मागल्या.

त्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी मी गाडी लख्ख धुतली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. बादल्यांवर बादल्या ओतल्या, चाकांत पाणी मारलं, हॅन्डब्रेक करकचून ओढला आणि घरी गेलो. नवमीला सकाळी बाईंच्या ओसरीवर पाट मांडला. त्यावर माझे पाने, जॅक, हातोडा, आणि शेजारी बाईंची कात्री, चिमटे. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, गाडीलाही हार घातला.

दहाच्या सुमाराला लालबागहून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको रात्रीपासून अडली होती, सुईणीने हात टेकले होते. मी गाडी सुरू केली, क्लच सोडला आणि बूड बसलं. हिसके दिले, काही नाही. त्या माणसाने मागून धक्का दिला, तरी ढिम्म.

"अहो, हत्यारं समोर आहेत ना? घ्या आणि बघा," बाई म्हणाल्या.

"बाई, आज पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. उद्या दसऱ्याला उचलायचं."

हे मी उगाच नव्हतो बोललो. माझा बाप गिरणीत माग चालवायचा. एकदा नवमीला पूजेतला पाना उचलून मागाला लावला, आणि महिन्याभरात दोन बोटं पट्ट्यात गेली. आई शेवटपर्यंत सांगत राहिली, त्या पान्यानेच नेली म्हणून. लहानपणापासून ऐकलेलं अंगात मुरतं, मग शहाणपण कुठे आड येतं!

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटावरची आपली कात्री आणि चिमटे उचलले, कुंकू पुसलं आणि बॅगेत टाकले. "अडलेली बाई दसऱ्यापर्यंत थांबते का हो?" एवढंच म्हणाल्या आणि त्या माणसाबरोबर ट्रामच्या दिशेने चालू लागल्या. पन्नास पावलांवर त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या तरी मी तिथेच उभा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी जॅक उचलला. उचलण्याआधी पाटाला हात जोडले, खोटं कशाला सांगू? पुढच्या चाकांना विटा लावल्या, दांडा खाली टाकला, मागची बाजू वर घेतली. उजवं चाक गरगर फिरलं. डावं जागचं हललं नाही. खाली वाकून बघतो तर तार सैल लोंबत होती. म्हणजे तारेचा काही संबंधच नव्हता! चाकातला ब्रेकचा ड्रमच आतून धरून बसला होता. हातोड्याचे चार ठोके ड्रमला दिले. आत टक् झालं आणि चाक सुटलं. चाक काढलं, ड्रम ओढला. आत गंज, आणि ड्रमला घासणारे ब्रेकचे लायनर ओलेकच्च. मी पाणी मारायचो आणि वर ब्रेक ओढून ठेवायचो. रात्रभरात ड्रम आणि लायनर एकमेकांना चिकटायचे. आजार मीच लावत होतो आणि औषध भलतीकडेच पाजत होतो. महिनोन्‌महिने.

पॉलिश पेपरने घासून, पुसून सगळं परत बसवायला तास लागला असेल. पण नुसते ते चार ठोके? पाच मिनिटांचं काम. चाक सुटलं तेव्हा बाई ट्रामच्या थांब्यावरच उभ्या असतील. आता मागून जावं तर चाळीचा पत्ता मी विचारलाच नव्हता.

दुपारी चारला बाई आल्या. चेहरा उतरलेला, पदराला डाग. पायरीवरच बसल्या. मी पाणी दिलं.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला. मी सगळं सांगून टाकलं, पाण्याचं, ड्रमचं, माझ्या चुकीचं. म्हटलं, "चाक आता लोण्यासारखं फिरतंय, बाई. पुन्हा नाही अडकणार."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "म्हणजे विकताना ढकलत न्यायला नको."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी हातापाया पडलो असतो. त्या नुसत्या दमल्या होत्या, आणि इतक्या दमूनही गाडीशिवाय जाऊन आल्या होत्या.